'ॲट' म्हणजे नेमकं कुठे? दोन अक्षरांचा शब्द आणि ५८३ बळी

शाळेत 'ॲट' म्हणजे 'ला' किंवा 'येथे' असं पाठ करून घेतात. तेवढं पुरत नाही. 'ॲट होम' म्हणजे ठिकाण, 'ॲट फाइव्ह' म्हणजे वेळ. पण 'ॲट वर्क' म्हणजे कामाच्या जागी, किंवा काम प्रत्यक्ष सुरू असणं. चेंडू कुणाकडे 'टू' टाकला तर झेलायला, 'ॲट' टाकला तर मारायला!

जागा की क्रिया, हाच घोळ २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर जिवावर बेतला. दाट धुक्यात केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं, 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ'. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते परवानगीशिवाय धावू लागलं होतं आणि त्याच धावपट्टीवर समोर पॅन ॲमचं विमान होतं. डच भाषेत क्रिया चालू असल्याचं सांगायला क्रियापदाआधी असाच शब्द येतो, त्या सवयीतून हे वाक्य आलं असावं, असं मानलं जातं. नियंत्रकाने थांबायला सांगितलं. पण त्याच क्षणी पॅन ॲमकडूनही कुणी बोललं आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोहोचला तो नुसता कर्कश आवाज.

आता 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी 'डिपार्चर'.