एक ग्रॅम चरबी, तीनशे किलोमीटर समुद्र

दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवली, तर वजन भरते सुमारे १५ ग्रॅम. ब्लॅकपोल वॉर्बलर त्याहून हलका, अवघा १२ ग्रॅम! कॅनडा आणि अलास्काच्या सूचिपर्णी जंगलांत वीण करणारा, फांद्याफांद्यांतून अळ्या नि कोळी टिपणारा हा पक्षी. विणीच्या काळात नराच्या डोक्यावर काळी टोपी येते. थंडीची चाहूल लागली की तो दक्षिण अमेरिकेकडे निघतो, आणि वाटेतला सर्वांत मोठा टप्पा थेट अटलांटिक महासागरावरून पार करतो.

एवढासा जीव हे करू शकतो का, यावर अनेक दशके वाद होता. २०१३ मध्ये संशोधकांनी अमेरिकेतील व्हरमाँट आणि कॅनडातील नोव्हा स्कॉशियात ३७ पक्ष्यांच्या पाठीवर प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमचे यंत्र बसवले. ते फक्त उजेडाची नोंद ठेवते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून पक्षी कुठे होता ते काढता येते. मात्र नोंद वाचायला तोच पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा हाती लागावा लागतो. पाच लागले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सरासरी २,५४० किलोमीटर, सुमारे ६२ तास, एका दमात. खाली सगळे पाणी, आणि या पक्ष्याला पाण्यावर उतरता येत नाही.

सेकंदाला फक्त १० वेळा पंख हलले असे धरले, तरी ती २२ लाख फडफड होते. १४ सेंटिमीटरचा हा पक्षी स्वतःच्या लांबीच्या सुमारे १ कोटी ८० लाख पट अंतर कापतो. साडेपाच फुटी माणसाला तेवढ्या पटीसाठी ३०,००० किलोमीटर जावे लागेल, म्हणजे पृथ्वीची पाऊण प्रदक्षिणा.

हे सारे चालते चरबीवर. निघण्याआधी तो खाऊन खाऊन २० ग्रॅमच्या आसपास पोहोचतो. जादा ८ ग्रॅम चरबीत ऊर्जा असते सुमारे ३०० किलोज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये याच्या शंभरपट ऊर्जा असते. म्हणजे या पक्ष्याच्या हिशेबाने एका लिटरमध्ये अडीच लाख किलोमीटर, चंद्राची दोन-तृतीयांश वाट! शिवाय चरबी जळताना जवळजवळ तिच्याइतकेच पाणी शरीरात तयार होते, त्यामुळे वाटेतली तहानही भागते.

आता उलटा भागाकार करा. ८ ग्रॅमांत २,५४० किलोमीटर, म्हणजे एका ग्रॅमला तीनशेहून अधिक. ही चरबी कमावली जाते किनाऱ्यालगतच्या रानांत, किडे आणि फळे खाऊन. १९७० पासून उत्तर अमेरिकेत २९० कोटी पक्षी कमी झाले; त्यांत वॉर्बलर कुळातले ६० कोटींहून अधिक. ब्लॅकपोलही घटतो आहे. किनाऱ्यावरचे रान तोडले, कीटक विषाने मारले आणि त्याला एक ग्रॅम कमी मिळाला, तर त्याचा प्रवास जमिनीच्या तीनशे किलोमीटर आधीच संपेल. म्हणून महासागर ओलांडणाऱ्या या पक्ष्याला वाचवायचे, तर आधी त्याच्या अळ्या वाचवायला हव्यात.