प्रश्न विचारणारा प्रतिनिधी

राज्यकर्ता पक्ष कोणताही असो, त्यास हिशेब विचारणारा माणूस सभागृहात नसेल, तर ते सभागृह आणि राजाचा दरबार ह्यांत नावापुरताच भेद राहतो. दरबारात मुजरा चालतो, सभागृहात प्रश्न चालतो. भेद एवढाच, परंतु एवढ्याच भेदासाठी ह्या देशात दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. लोहा-कंधारच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, ज्या मुलखास हा अधिकार इतरांहून फार उशिरा मिळाला, त्याच मुलखाने पुढे महाराष्ट्राच्या विधानसभेस कै. केशवराव धोंडगे यांच्यासारखा प्रश्नकर्ता दिला. वयाची शंभरी पार करून १ जानेवारी २०२३ रोजी ते निवर्तले. त्यांच्या नावाचा जयघोष करणारे पुष्कळ निघतील; परंतु त्यांचे काम पुढे कोण चालविणार, आणि चालविणाऱ्यास आम्ही मतदार कितपत साहाय्य करणार, हा खरा प्रश्न आहे.

ह्या अधिकाराचा इतिहास थोडक्यात पाहू. ब्रिटिश हिंदुस्थानात कौन्सिलच्या सभासदांस सरकारास प्रश्न विचारण्याची मोकळीक १८९२ च्या कायद्याने मिळाली. लो. टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, तेव्हा ह्या मोकळीकीस पुरती चार वर्षेही झाली नव्हती. उत्तर असमाधानकारक असले तरी त्यावर पुन्हा विचारण्याची तेव्हा सोय नव्हती. उपप्रश्न विचारण्याचा हक्क १९०९ साली मूळ प्रश्नकर्त्यास आणि १९१९ नंतर इतर सभासदांस मिळाला. म्हणजे सरकारास एका प्रश्नावरून दुसऱ्या प्रश्नावर नेण्यास सत्तावीस वर्षे लागली !

आणि ह्या काळात आमच्याकडे काय होते ? निजामी राज्यात प्रश्न विचारणे दूरच. नुसती सभा भरवावयाची तरी ‘गश्ती निशान ५३’ ह्या फर्मानान्वये आगाऊ परवानगी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली बंदी आली, ती संस्था रीतसर उभी राहण्यापूर्वीच ! जन्मापूर्वी मृत्युदंड देण्याचा असा न्याय आम्ही कायद्याच्या कोणत्याही ग्रंथात वाचला नाही. ह्याच कंधार तालुक्यातील कल्हाळीस १९४८ साली रझाकारांशी झुंजताना लोकांनी प्राण वेचले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १९५२ च्या निवडणुकीत येथील शेतकऱ्याने प्रथमच आपला प्रतिनिधी निवडला. आजोबांच्या हयातीत जो प्रश्न गुन्हा होता, तो नातवाच्या काळात हक्क झाला. हा हक्क जुना झाला असे समजून जे त्याची हेळसांड करतात, त्यांनी आपल्या घरातील वृद्धांस एकदा विचारून पाहावे.

केशवराव धोंडगे ह्या संधिकालाचे अपत्य होत. १९२२ साली कंधार तालुक्यातील गऊळ येथे जन्म. तारुण्य हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात. पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने पाच वेळा विधानसभेवर व १९७७ साली नांदेडहून लोकसभेवर निवड. लोकसभेत त्यांचा पक्ष सत्तारूढ जनता पक्षाचा सोबती होता. विधानसभेत मात्र त्यांची जागा बहुतेक काळ विरोधी बाकांवर राहिली. ‘जयक्रांती’ हे साप्ताहिक त्यांनी चालविले, गुराख्यांचे साहित्य संमेलन भरविले, आणि आणीबाणीत कारावास भोगला. त्यांची सगळीच मते आम्हांस मान्य होती असे नव्हे. त्यांच्या भाषेची धार कित्येकदा विषयाबरोबर समोरच्या माणसासही लागे. परंतु मुंबईच्या सभागृहात मन्याड खोऱ्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्याच्याच बोलीत ऐकू येत असे, हे त्यांचे विरोधकही नाकारीत नाहीत.

येथे नांदेड जिल्ह्याचे एक भाग्य सांगितले पाहिजे. ज्या काळात धोंडगे प्रश्न विचारीत होते, त्याच काळात ह्याच जिल्ह्याचे शंकरराव चव्हाण मंत्री म्हणून उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर होते. पाटबंधाऱ्यांची मोठी कामे चव्हाणांच्या नावावर आहेत आणि ते दोनदा मुख्यमंत्री झाले. नांदेडच्या मतदारांनी १९७७ साली लोकसभेत धोंडगे यांस पाठविले आणि १९८० साली चव्हाणांस. काम करणारा आणि कामाचा हिशेब विचारणारा, असे दोघेही एकाच मातीने दिले. दुकानात गल्ल्यावर बसणारा मालक कितीही सचोटीचा असला, तरी दिवाळीस वह्या तपासणारा वेगळा असावा लागतो; ह्यात मालकाचा अपमान नसून दुकानाची पत आहे. आमच्या व्यापारी वाचकांस हे अधिक सांगावयास नको.

आता प्रश्न म्हणजे नेमके काय, ह्याकडे वळू; कारण सभागृहात मोठ्याने ओरडणे म्हणजेच प्रश्न विचारणे, असा एक समज हल्ली रूढ होत आहे. तारांकित प्रश्नास मंत्र्याने तोंडी उत्तर द्यावयाचे असते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, त्यावर उपप्रश्न नाही. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित व दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. खरी परीक्षा उपप्रश्नाची ! पहिले उत्तर खात्यातील कारकुनाने तयार केलेले असते. दुसऱ्या उत्तरास मंत्र्याची स्वतःची माहिती लागते. न्यायालयात सरतपासणीत साक्षीदार पढवल्याप्रमाणे बोलतो आणि उलटतपासणीत त्याचे खरे स्वरूप दिसते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून ज्याने कागद वाचले नाहीत, आकडे ताडून पाहिले नाहीत, त्याने उपप्रश्नास उभे न राहणेच बरे.

ह्याखेरीज लक्षवेधी सूचना आहे. ही भारतीय संसदेने १९५४ साली स्वतः निर्माण केलेली तरतूद होय. अंदाजपत्रकावरील कपात सूचना आहे. मागणीतून शंभर रुपये कमी करा, असे म्हणावयाचे आणि त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने सबंध खात्याची झडती घ्यावयाची, अशी ती युक्ती. आणि सर्वांत दुर्लक्षित अशी आश्वासन समिती आहे. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘विचार करू’ असे म्हणतात त्याची नोंद होते, आणि ते शब्द पाळले की नाहीत हे ही समिती पाहते. लोकसभेत अशा आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी असा दंडक आहे. ज्या आमदारास प्रश्न विचारल्याची छायाचित्रे छापून आणण्याची घाई असते, पण आश्वासनाचे पुढे काय झाले ह्याची आठवण नसते, त्याने हुंडी लिहून घेतली खरी; मुदत भरली तरी वटविली मात्र नाही.

‘विरोधी पक्षाचा आमदार निवडून आम्हांस काय मिळणार ? रस्ता तर सत्तेचाच माणूस आणतो,’ असे कित्येक व्यावहारिक गृहस्थ आम्हांस विचारतात. ह्यास आमचे उत्तर असे. रस्ता सत्तेच्या माणसाने आणला तर त्याचे अभिनंदन करावे. परंतु त्या रस्त्यावर डांबर किती पडले आणि कंत्राटाच्या कागदावर किती पडले, हे विचारणारा कोण? शिवाय प्रश्न विचारणे ही विरोधकांचीच मिरास नव्हे. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा ह्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोट रुपयांच्या आसपासचे भाग घेतले, तो व्यवहार १९५७ साली लोकसभेत उघडा पाडणारे फिरोज गांधी सत्तारूढ काँग्रेसचेच सभासद आणि पंतप्रधानांचे जावई होते ! मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांस १९५८ साली पद सोडावे लागले.

नाण्याची दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रश्न हे हत्यार आहे, तसेच ते विकाऊ मालही होऊ शकते. १९५१ साली हंगामी संसदेचे सभासद मुद्गल यांनी मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून मोबदला घेऊन तिच्यासाठी प्रश्न विचारल्याचे चौकशीत ठरले आणि त्यांची सभासदकी गेली. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने अकरा सभासदांस काढून टाकले. विकणारा दोषी आहेच; पण घेणारे गिऱ्हाईक आमच्याच पेढ्यांवरून उठून जाते, हे व्यापारी समाजाने विसरू नये.

आजची चिंता तर ह्याहून वेगळी आहे. प्रश्न दडपण्यापेक्षा प्रश्नाचा तासच नाहीसा करणे सोपे, हे राज्यकर्त्यांस उमगले आहे. १९७५ साली आणीबाणीच्या पहिल्या अधिवेशनात प्रश्नोत्तरे स्थगित झाली. २०२० साली करोनाच्या साथीत संसदेचे पावसाळी अधिवेशन भरले, त्यातही प्रश्नोत्तराचा तास नव्हता. लेखी उत्तरांवर भागविले गेले. साथ खरी होती, परंतु विधेयके मंजूर करण्यास जी साथ आड आली नाही ती प्रश्नास तेवढी आड यावी, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही. दुसरीकडे विरोधकही गोंधळ घालून तोच तास वाया घालवितात आणि मंत्र्यांस उत्तराच्या कचाट्यातून आयते सोडवितात. महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीत २८८ जागांच्या सभागृहात कोणत्याही एका विरोधी पक्षास दहावा हिस्साही जागा मिळाल्या नाहीत. विरोधक थोडे असतात तेव्हा प्रत्येकाने दुप्पट अभ्यास करावयाचा असतो; दुप्पट आरडाओरड नव्हे.

मराठवाड्यास तर ह्याची निकड अधिक. दांडेकर समितीने १९८४ साली विभागांचा अनुशेष मोजून दाखविला; १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली; त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. जेथे मागासलेपणाचे माप घेणारा काटाच काढून ठेवला जातो, तेथे सभागृहातील प्रश्न हाच आमचा काटा. २००८ च्या पुनर्रचनेने कंधार मतदारसंघाचे नाव बदलून लोहा झाले. नाव बदलले म्हणून परंपराही बदलावी असे नाही.

मग आम्ही मतदारांनी काय करावे ? प्रथम, प्रतिनिधीची खतावणी ठेवावी. त्याने अधिवेशनात कोणते प्रश्न दिले, काय उत्तर मिळाले, कोणते आश्वासन थकले, हे तालुक्याच्या वाचनालयात फलकावर लावावे. माळेगावच्या यात्रेत घोड्याचे दात पाहिल्यावाचून सौदा न करणारे आम्ही लोक, प्रतिनिधीस मात्र हार पाहून मत देतो, हे शोभत नाही. दुसरे, त्यास माहिती पुरवावी. ‘कालव्यास पाणी नाही’ एवढे सांगून प्रश्न होत नाही; कोणत्या चारीवर, कोणत्या तारखेस, किती पाळ्या चुकल्या, हे लिहून द्यावे लागते. आणि तिसरे, स्वतः विचारावे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात असे तत्त्व घातले होते की, जी माहिती संसदेस किंवा विधिमंडळास नाकारता येत नाही ती कोणाही नागरिकास नाकारता येणार नाही. म्हणजे तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर मागण्याच्या बाबतीत कायद्याने प्रत्येक नागरिकास आमदाराच्या शेजारी बसविले आहे.

धोंडगे यांचे स्मारक अवश्य करावे. परंतु दगडाचा पुतळा कोणत्याही मंत्र्यास उपप्रश्न विचारीत नाही. पुढील निवडणुकीत जो कोणी मत मागावयास दारात उभा राहील, त्यास प्रत्येकाने पहिल्यानेच विचारावे : आपण सभागृहात काय विचारणार आहात ? ह्या एका प्रश्नाचे उत्तर ज्यास देता येत नाही, त्यास सरकारकडून आमच्या प्रश्नांची उत्तरे आणता येतील, हे संभवत नाही.