विसरलेला बोल्ट

“सगळं बोल्ट मोजलासा न्हवं, सायेब?” मिस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा हो म्हणालो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये वडिलांची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड उभी होती. तिची बॉडी उचलायला शेजारच्या तालमीतली आठ पोरं आली होती.

हल्लीच्या बहुतेक मोटारींची बॉडी अशी उचलता येत नाही. त्यांना वेगळी चासी नसतेच, पत्रा हाच सांगाडा. हेराल्डचं तसं नाही. 1953 मध्ये बॉड्या बनवणारी फिशर अँड लडलो कंपनी बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीने घेतली आणि हेराल्डवाल्या स्टँडर्ड-ट्रायम्फचा पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या घरी गेला. मग बॉडीचे भाग ठिकठिकाणी करून चासीवर बोल्टने जोडायची जुनी पद्धत त्यांनी परत धरली. जिओव्हानी मिकेलॉटीने आखलेली ही गाडी 1959 मध्ये इंग्लंडात आली, 1961 पासून मद्रासला बनू लागली. त्यांची ती अडचण आज आमच्यासारख्यांच्या पथ्यावर पडते.

पण बॉडी सुटते म्हणून ती ताठही राहील, असं समजू नये. दारांच्या जागी दोन मोठी भगदाडं, खालचा पत्रा कुजलेला. चासीचा आधार गेला की ती मधोमध दबते आणि मग दार काही केल्या लागत नाही. म्हणून दारं जागेवर असतानाच सगळ्या फटी मोजून वहीत लिहिल्या. मग दारं उतरवली आणि बिजागरीच्या व कडीच्या मूळ भोकांतच लोखंडी अँगल आवळले. वेल्डिंग टाळलं. बॅटरी त्याआधीच काढली होती, पेट्रोल उपसून टाकीही अंगणात नेऊन ठेवली होती. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि भरलेलीपेक्षा तीच जास्त घातकी.

वायरी, ब्रेकचे पाइप, स्पीडोमीटरची केबल, स्टिअरिंगचा जोड, सगळं चिठ्ठ्या लावून सोडवलं. खरा वेळ खाल्ला चकत्यांनी. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये बोल्टाशी रबर आणि पातळ चकत्या असतात, आमच्या गाडीत कुठे एक, कुठे तीन. दारं नीट लागावीत म्हणून कुणीतरी एकेक घालून पाहिली असणार. वाण्यासारख्या कागदाच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर जागेचा नंबर टाकला. मुलगी म्हणाली, “बाबा, हिंगाचं दुकान काढलंय का?”

“एक, दोन, तीन!” पुढचा भाग अलगद वर आला. मागचा डावा कोपरा उठला, पण चासीला घेऊनच.

“ठेवा खाली! हात काढा आधी!” मिस्त्री ओरडले. स्क्रू ड्रायव्हरने त्यांनी डांबराचा थर खरवडला आणि आत बोल्टाचं डोकं दिसलं, गंजून गुळाच्या खड्यासारखं गोल झालेलं. पाना धरेना. गॅसकटर त्यांनी हातातच घेतला नाही. हॅकसॉच्या ब्लेडने अर्धा तास कापत बसले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, तेच जास्त लागलं. पोरांनी आणखी एक झटका दिला असता तर तो कोपरा पिळवटला असता.

दुसऱ्यांदा बॉडी सहज सुटली. दोघांनी चासी चाकांवरून पुढे ढकलली, बॉडी लाकडी घोड्यांवर टेकली. मगच मिस्त्रींनी पोरांना हात सोडू दिले.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर डांबर आधी खरवडा, बोल्ट मग मोजा. आणि बॉडी परत बसून दारं लागेपर्यंत ते अँगल काढू नका.