रावबहादूर बोले आणि पाण्याचा ठराव

लोकसेवकांचें थोरपण त्यांच्या व्याख्यानांवरून मोजण्याची आपल्याकडे चाल आहे. कायदेमंडळाच्या दफ्तरांत चार ओळी नोंदवून ज्यांनीं मोठें काम केलें, त्यांचें स्मरण क्वचितच राहतें. रावबहादूर सीताराम केशव बोले हे अशांपैकीं एक होत.

बोले भंडारी ज्ञातीचे. माडावर चढून माडी काढणें हा या कोंकणी ज्ञातीचा परंपरागत धंदा. आपल्या ज्ञातीच्या उन्नतीसाठीं तर ते झटलेच. परंतु ज्ञातीच्या कुंपणापाशीं त्यांची दृष्टि थांबली नाहीं. मुंबईच्या गिरणीकामगारांसाठीं निघालेल्या ‘कामगार हितवर्धक सभे’च्या चालकांत ते होते. १९०७ सालीं महार समाजांतील एक विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हां त्याच्या अभिनंदनाच्या सभेचें अध्यक्षपद बोल्यांनीं स्वीकारलें. त्याच प्रसंगीं कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातीं दिलें. तो मुलगा म्हणजे पुढें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत बोल्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालयें व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावे, अशी ती शिफारस होती. सप्टेंबरांत सरकारनें खातेप्रमुखांस तसा हुकूम दिला. नगरपालिकांस व लोकलबोर्डांस मात्र नुसता उपदेश करण्यास कलेक्टरांस सांगितलें. हुकूम आणि उपदेश यांतील अंतर आमच्या वाचकांस सांगावयास नको. घरांतील वडील मंडळींचा हुकूम तेव्हांच पाळला जातो. उपदेश मात्र ‘होय, होय’ म्हणून ऐकून घेण्यांत येतो!

तसेंच झालें. बोल्यांनीं तें ओळखलें, आणि ५ ऑगस्ट १९२६ रोजीं दुसरा ठराव आणिला. जी संस्था पहिला ठराव अमलांत आणणार नाहीं, तिची सरकारी मदत बंद करावी, असा त्याचा आशय होता. नुसत्या सदिच्छेनें न उघडणारी कुलुपें पैशाच्या किल्लीनें उघडतात, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालींच चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला होता; पण तळ्याकडे जाण्याचें धैर्य कोणास झालें नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकरांच्या मागून हजारों लोक तेथें गेले व त्यांनीं तें पाणी ओंजळीनें प्याले. त्या चळवळींत बापूसाहेब सहस्रबुद्धे व अनंतराव चित्रे यांसारखे पांढरपेशे सहकारीही होते, हें आमच्या घरांतून अवश्य सांगितलें जावें. उलट त्याच गांवांत परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षें झालीं त्याच तारखेस, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. पुढें तळें खासगी आहे व तेथील बंदी पूर्वापार आहे, असा दावा कोर्टांत गेला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें तो अमान्य केला. पाण्याच्या एका ओंजळीचा निकाल लागण्यास दहा वर्षें लागलीं!

कोणी म्हणतील कीं, मग त्या कागदाचा उपयोग तो काय झाला? आम्हांस वाटतें, पुष्कळ झाला. महाडच्या लोकांनीं कोणाजवळ भीक मागितली नाहीं. प्रांताच्या कायदेमंडळानें मान्य केलेला हक्क त्यांनीं बजाविला. कागद एकटा दुबळा खरा. पण त्याच्यावांचून त्या धैर्यास दंगा म्हणणें किती सोपें झालें असतें! आपल्या मुलांस महाडची कथा सांगतांना तळ्यापर्यंत चालत गेलेल्यांबरोबर, ती वाट कायद्यांत आंखून ठेवणाऱ्या या भंडारी गृहस्थाचें नांवही सांगावें, एवढीच आमची विनंति आहे.