चाकामागची चकती : पिकअपला स्पेसर बसवावेत का?



२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आपल्या शाळेत ‘प्रश्न विचारा’ असा एक तास ठेवला होता. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. उद्यमबागेत आधी लेथवर आणि पुढे तपासणी विभागात नोकरी झाली, म्हणून मला उत्तरे द्यायला बोलावले होते. कृष्णविवर, भूकंप असे प्रश्न झाल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, आमचे बाबा पहाटे भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जातात. भरलेली पिकअप वळणावर झुलते. गॅरेजवाले काका म्हणतात, चाकांना स्पेसर टाका, गाडी जमिनीला चिकटून चालेल. टाकावेत काय?”

त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. मी दोन-चार वाक्यांत उत्तर दिले, पण त्याचे समाधान झाले नाही. “बाबांना वाचायला देता येईल असं लिहून द्या,” असे तो म्हणाला. म्हणून हा लेख.

स्पेसर म्हणजे काय?

गाडीचे चाक हबवर स्टड आणि नटांनी आवळलेले असते. हब आणि चाक यांच्या मध्ये धातूची जाड चकती घातली की चाक तेवढेच बाहेर सरकते. ही चकती म्हणजे स्पेसर. प्रत्येक बाजूला ३० मिलिमीटर जाडीची चकती घातली, तर डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ६० मिलिमीटरने वाढते. गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते. आपल्या बेळगावात तर कोणीही चांगला कारागीर लेथवर अशी चकती तासाभरात कातून देईल. पण एखादी गोष्ट करता येते म्हणून ती करावीच असे नाही.

फायदा किती? हिशेब करून पाहू

पाय फाकवून उभा राहिलेला माणूस धक्क्याने सहज पडत नाही, हे आपण कबड्डीत पाहतो. गाडीचेही तसेच आहे. वळणावर गाडी उलटेल की नाही, हे दोन मापांवर अवलंबून असते : दोन चाकांमधल्या अंतराचे निम्मे, आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर जितके मोठे, तितकी गाडी स्थिर. काडेपेटी पाटावर आडवी ठेवा आणि पाट हळूहळू तिरपा करा. मग तीच पेटी उभी ठेवून करा. उभी पेटी आधी का पडते, ते याच भागाकारात आहे.

समजा, एका पिकअपच्या चाकांमधले अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि माल भरल्यावर गुरुत्वमध्य ९०० मिलिमीटर उंचीवर आहे. ७०० भागिले ९०० म्हणजे सुमारे ०.७८. आता ३० मिलिमीटरचे स्पेसर घातले, तर ७३० भागिले ९०० म्हणजे ०.८१. फायदा झाला सुमारे चार टक्के. तो खोटा नाही, पण लहान आहे.

आता क्रेट एक थर जास्त रचले आणि गुरुत्वमध्य ९०० वरून १००० वर गेला असे धरा. ७०० भागिले १००० म्हणजे ०.७०. तोटा दहा टक्के! चकतीने मिळवलेले वरच्या एका थराने घालवले, आणि वर आणखी घालवले.

वेगाचा हिशेब तर याहून मजेदार आहे. वळणावर गाडीला बाहेर ढकलल्यासारखे वाटते, तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वर्ग १६००, ३९ चा १५२१. म्हणजे वेग फक्त एका किलोमीटरने कमी केला की जोर जवळजवळ पाच टक्क्यांनी घटतो. स्पेसर पैसे घेऊन जे देतात, ते ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलला की फुकट मिळते. मुलांनो, या लेखातले दुसरे काही विसरलात तरी चालेल, हे एवढे लक्षात ठेवा.

झुलणे आणि उलटणे वेगळे

मुलाने विचारले होते ते झुलण्याबद्दल. भरलेली गाडी झुलते ती पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगांवर. मागच्या अखंड एक्सलवर दोन बाजूंना पाटे बसवलेले असतात. स्पेसरने चाके बाहेर गेली तरी पाटे आहेत तिथेच राहतात. मग पाट्यांवरचे झुलणे कमी कसे होणार? पाटा तुटला असेल, शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्यावर चकती हे औषध नव्हे. उलट गाडी दिसायला रुंद झाली की चालकाला उगाच धीर येतो आणि वळणावर वेग वाढतो. माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

किंमत कोण मोजतो? बेअरिंग

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा. मग तीच हात ताणून पुढे धरा. वजन तेवढेच, पण खांदा लगेच भरून येतो. तरफेचा नियम सातवी-आठवीत शिकलेलाच आहे. चाक बाहेर सरकवले की हबच्या बेअरिंगचे नेमके असेच होते.

एका चाकावर ७०० किलो भार आहे असे धरा. चाक ३० मिलिमीटर बाहेर गेले, तर जादा पीळ ७०० गुणिले ०.०३, म्हणजे २१ किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला २१ किलोचे पोते टांगावे, तसा हा जोर. आणि हे झाले गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक आदळले की भार क्षणभर कितीतरी वाढतो आणि त्याबरोबर पीळही.

बेअरिंगचे गणित फार कडक असते. रोलर बेअरिंगवरचा भार २० टक्क्यांनी वाढला तर त्याचे अपेक्षित आयुष्य २० टक्क्यांनी नव्हे, तर जवळपास निम्म्यापर्यंत खाली येते. अशा गाडीत चाकाकडून घरघर लवकर सुरू होते. आवाजाकडे दुर्लक्ष केले, तर पुढचा प्रसंग रस्त्यावरच घडतो, आणि तो घाटात घडू नये.

पुढच्या चाकांना आणखी एक त्रास आहे. चाक ज्या रेषेभोवती वळते, त्या रेषेपासून ते दूर जाते. मग स्टेअरिंग जड होते, आणि एक चाक खड्ड्यात किंवा वाळूवर असताना ब्रेक मारला तर गाडी एका बाजूला ओढते. शिवाय बाहेर आलेला टायर पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासू शकतो. पावसाळ्यात चिखल आणि दगड मागच्या वाहनावर उडतात, ते वेगळेच.

नट आणि आटे

चाक स्टडवर ‘टांगलेले’ असते असे पुष्कळांना वाटते. खरे तर नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे जे घर्षण होते, त्यावर सारा भार पेलला जातो. दाब गेला की चाक हलू लागते, भार स्टडवर आडवा येतो आणि स्टड तुटतात.

नुसती मध्ये सरकवायची चकती घातली, तर नटाला स्टडचे आटे कमी मिळतात. कारखान्यातला सर्वसाधारण नियम असा की, स्टड जितका जाड, निदान तितक्या लांबीचे आटे नटात गेलेच पाहिजेत. १२ मिलिमीटरचा स्टड असेल आणि आटे दीड मिलिमीटरचे असतील, तर किमान आठ पूर्ण फेरे. चार-पाच फेऱ्यांत नट ‘बसला’ असे वाटते. प्रत्यक्षात तो बसलेला नसतो.

दुसऱ्या प्रकारात स्पेसर आधी हबला नटांनी आवळतात आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडांवर बसते. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. पण आता सांधे एकाचे दोन झाले, आणि आतले नट चाक काढल्याशिवाय तपासता येत नाहीत. रोज पहाटे निघणारा चालक चारी चाके काढून नट पाहील का, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने, परवानगी नसलेल्या बदलासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तेव्हा गॅरेजवाल्याच्या ‘काही होत नाही’ यावर न जाता आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी लेखी विचारावे. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा आधी विचारणे केव्हाही स्वस्त.

मग बसवावेत का?

रोज माल वाहणाऱ्या गाडीला बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लहानसा फायदा आणि रोजची जोखीम, हा सौदा पोट चालवणाऱ्या गाडीला परवडत नाही.

ज्यांनी आधीच बसवले आहेत त्यांनी निदान एवढे करावे : स्पेसर हबच्या मधल्या उंचवट्यावर अचूक बसणारा आहे का ते पाहावे. ओतीव, सच्छिद्र ॲल्युमिनियमची किंवा तडा गेलेली चकती ताबडतोब काढावी. एकावर एक दोन चकत्या कधीही घालू नयेत. नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत, आणि बसवल्यावर साधारण ८० ते १०० किलोमीटर चालवून आतले-बाहेरचे दोन्ही नट पुन्हा तपासावेत.

त्या मुलाच्या वडिलांची पिकअप मी नंतर एका रविवारी जाऊन पाहिली. मागच्या एका पाट्याचे पान तुटले होते आणि दोन टायरांत हवा कमी होती. पान बदलले, हवा भरली. जड बटाट्याची पोती खाली आणि पुढे, हलकी कोथिंबीर वर, असा माल रचायचे ठरले. परवा मुलगा भेटला. “सर, आता कमी झुलते,” म्हणाला. वळणावर बाबा हळू घेतात का, असे विचारल्यावर हसला आणि म्हणाला, “मी गणित करून दाखवलंय त्यांना.”

जाता जाता विश्वस्त मंडळींना एक विनंती. सहलीसाठी गाडी ठरवताना आपण भाडे विचारतो. त्याबरोबर टायर, ब्रेक, फिटनेस प्रमाणपत्र आणि गाडीत मागाहून केलेले बदल यांचीही चौकशी करावी. आणि मालवाहू गाडीच्या हौद्यात मुलांना बसवू नये, मग अंतर कितीही थोडे असो.