पिरॅमिड कोणाच्या हातांचे?

परग्रहावर बुद्धिमान जीव असतील काय, हा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दुर्बीण दोन ताऱ्यांकडे रोखून तेथून काही संदेश येतो का, हे तपासले. हा शोध अजून चालू आहे. खात्रीचे काही हाती आलेले नाही. इतर ताऱ्यांभोवती फिरणारे पाच हजारांवर ग्रह मात्र सापडले आहेत. तेव्हा शक्यता नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ‘असतील’ म्हणणे वेगळे आणि ‘येऊन गेले’ म्हणणे वेगळे. व्हॉयेजर-१ च्या वेगाने सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढे अंतर कापायला ७०,००० हून अधिक वर्षे लागतील. यावरून कोणी येणारच नाही असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण जो ‘आले’ म्हणतो त्याने पुरावा द्यायचा असतो.

एरिख फॉन डेनिकेन यांच्या १९६८ सालच्या गाजलेल्या पुस्तकात पुरावा म्हणून काय पुढे केले आहे? इजिप्तचे पिरॅमिड, ईस्टर बेटावरचे पुतळे. एवढे अवजड दगड तिथल्या माणसांना हलवता आलेच नसते, हा सूर. युरोपातील जुनी कॅथेड्रल्स परग्रहवासीयांनी बांधली, असे मात्र कोणी म्हणत नाही. आफ्रिकेतल्या आणि पॅसिफिकमधल्या हातांवरच तेवढा अविश्वास! हा तर्क आपल्या चांगलाच ओळखीचा आहे.

गिझाच्या पिरॅमिडांजवळ १९९० साली मजुरांची थडगी सापडली. त्यांची वस्ती आणि पाव भाजण्याच्या जागाही उत्खननात निघाल्या. सांगाड्यांच्या मणक्यांवर ओझ्याने झालेली झीज आहे, मोडून पुन्हा सांधलेली हाडे आहेत. पुढे २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरसचे तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: तुरा येथील खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरला, नाईल नदीतून गिझाला पोचवला, परत फिरलो. खुफू राजाच्या पिरॅमिडचे काम चालू असतानाची, सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीची ही नोंद. हे मजूर गुलाम नव्हते, असे बहुतेक संशोधक मानतात. राजाज्ञेने राबणाऱ्याला स्वतंत्र म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. पण ती माणसे होती, एवढे निर्विवाद.

आता वेरूळच्या कैलास लेण्यावरही परग्रहवासीयांचा हक्क सांगितला जातो. विद्यार्थी मोबाइलवरच्या चित्रफिती दाखवून विचारतात, “सर, हे माणसाला शक्य आहे का?” मी त्यांना भिंतींवरच्या छिन्नीच्या खुणा पाहायला सांगतो. गंमत अशी की हा प्रश्न नवा नाही. राष्ट्रकूट घराण्यातील कर्कराजाच्या इ. स. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात, विमानातून जाणाऱ्या देवांनाही हे मंदिर माणसाने घडवलेले वाटेना, असे वर्णन आहे. ते घडवणारा शिल्पीही त्यात येतो. आपण हे कसे केले, म्हणून तो स्वतःच चकित झालेला दाखवला आहे. राजांची नावे ताम्रपटात आहेत. शिल्पीचे नाव नाही.