गरम पाण्याच्या कुंडावर जाताना

गटाची बैठक संपली की सहलीचा विषय निघतो आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "वज्रेश्वरीला जाऊ, गुडघे तरी मोकळे होतील." द्राक्षाची विरळणी उभ्यानं आणि कांद्याची लागण बसून करणाऱ्या बायांना गरम पाण्याचं नाव काढलं तरी बरं वाटतं. म्हणून आज या कुंडांविषयीच बोलू.

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं तानसा नदीच्या आसपास आहेत. आपल्या ओझरहून नाशिक, इगतपुरी करत कसारा घाट उतरायचा आणि पुढे महामार्ग सोडून आत वळायचं. पहाटे निघालं तर दुपार तिथे मिळते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. त्या वेळी बोललेला नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं गेलं. त्याची बांधणीही किल्ल्यासारखी आहे. गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची समाधी आहे.

पाणी गरम कशामुळे? देवीनं मारलेल्या राक्षसांच्या रक्तानं ते तापलं, अशी कथा सांगतात. भूगर्भशास्त्र असं सांगतं की पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. येताना ते खडकातले क्षार घेऊन येतं, म्हणून काही ठिकाणी गंधकासारखा वास येतो. खाली ज्वालामुखी धुमसतोय, असं काही नाही. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय.

युरोपातही अशी गावं आहेत. आल्प्स पर्वताच्या पूर्व टोकाशी, व्हिएन्नाजवळ बाडेन नावाचं गाव आहे. तिथल्या गरम झऱ्यांत रोमन लोकही आंघोळ करायचे. २०२१ मध्ये युनेस्कोनं युरोपातल्या अशा ११ गावांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात बाडेनही आहे. या गावांत नुसती डुबकी मारून परतायची रीत नव्हती. किती वेळ पाण्यात बसायचं, किती चालायचं, किती विसावा घ्यायचा, हे डॉक्टर ठरवून देत. ही शिस्त आपणही घेण्यासारखी आहे.

गरम पाण्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांचं दुखणं काही वेळ हलकं वाटतं. पण झिजलेला गुडघा त्यानं भरून येत नाही. मधुमेह किंवा बीपी तर मुळीच जात नाही. म्हणून "कुंडात आंघोळ केली, आता गोळी कशाला?" असं कुणी म्हणाली, तर तिला तिथेच थांबवा. बंद केलेली गोळी जिवावर बेतू शकते.

पाण्यात उतरताना काय सांभाळायचं? प्रत्येक कुंडाचं पाणी कमीजास्त गरम असतं. आधी हातानं अंदाज घ्या, चटका बसला तर उतरू नका. मधुमेहामुळे जिच्या पायाची जाणीव कमी झालीय, तिनं स्वतःच्या पायावर विसंबू नये, मैत्रिणीला पाणी बघायला सांगावं. दहा मिनिटं पुष्कळ झाली. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उठलं की चक्कर येते. म्हणून हळू उठा, वर येऊन पाणी प्या आणि एकटीनं कुणी उतरू नका. गरोदर बाईनं, अंगावर उघडी जखम असलेलीनं उतरूच नये. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात क्वचित असा सूक्ष्म जीव असतो, जो नाकातून मेंदूपर्यंत जातो. हे फार विरळा घडतं, पण काळजी घ्यायला पैसे पडत नाहीत. कुंडाचं पाणी पिऊही नका.

साबण, शाम्पू आणि पुड्या घरीच ठेवा. कुंडात सांडलेला फेस दुसरीच्या अंगाला लागतो आणि पुढे नदीत जातो.

निघण्याआधी दोन गोष्टी ठरवा. एक, सहलीची वर्गणी वेगळी काढा, बचतीच्या पैशाला हात लावू नका. दोन, बायकांना कपडे बदलायला बंद जागा आहे का, ते आधी विचारून घ्या. नसेल तर दोन जाड चादरी सोबत घ्या. आणि येताना तिथल्या ग्रामपंचायतीला गटाच्या नावानं तसं लेखी देऊन या. दहा गटांनी दिलं, तर अकराव्या गटातल्या बायांना चादर धरावी लागणार नाही.

पुढच्या बैठकीत तारीख ठरवताना रविवार टाळा, गर्दी कमी असेल. आणि कुणाला कोणता आजार आहे, कुणाची कोणती गोळी चालू आहे, हे त्याच दिवशी वहीत लिहून घ्या.